पहिल्यांदा रेसिंग ट्रॅकवर उतरताना: गाडी, झेंडे आणि ट्रॅकवरची रीत

महाराष्ट्रातल्या हौशी ड्रायव्हरला मोठ्या सर्किटवर गाडी चालवायची तर आधी हजारभर किलोमीटर कापावे लागतात. कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा जुना एमएमआरटी (मद्रास मोटर रेस ट्रॅक), म्हणजे आताचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, साधारण ३.७ किलोमीटरचं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं. एवढं पेट्रोल जाळून, टायर घासून, रजा टाकून पोचल्यावर प्रत्येक मिनिट वसूल करावंसं वाटतं, आणि बहुतेक भानगडींची सुरुवात तिथेच होते.

तिथे तुमच्याकडून विक्रमी लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या फेरीची, कोणाचीच अपेक्षा नसते. अपेक्षा एवढीच की तुमची गाडी पुढच्या क्षणी काय करणार याचा मागच्या-पुढच्याला अंदाज यावा. हळू पण सरळ चालवणाऱ्याच्या बाजूने कोणीही निर्धास्त निघून जातो. वेगात असून मध्येच विचार बदलणाऱ्यापासून मात्र सगळे लांब राहतात. खालचे सगळे नियम फिरून फिरून याच मुद्द्यावर येतात.

ट्रॅक डे की रेस?

ट्रॅक डे म्हणजे आपली रोजची गाडी घेऊन बंदिस्त ट्रॅकवर चालवण्याचा दिवस. तिथे स्पर्धा नसते, नंबर लागत नाहीत. ड्रायव्हरांचे अनुभवानुसार गट पाडतात, आणि समोरच्याने हाताने परवानगी दिल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नाही हा बहुतेक ठिकाणचा नियम. काही आयोजक टायमर लावायलाही मनाई करतात, आणि ते योग्यच करतात.

रेसला देशाच्या मोटरस्पोर्ट फेडरेशनचं, म्हणजे एफएमएससीआयचं लायसन्स लागतं. त्यासाठी वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण आलं. गाडीही त्या वर्गाच्या नियमांप्रमाणे बांधलेली हवी: रोल केज (गाडीच्या आतला पाइपांचा पिंजरा), रेसिंग सीट, हार्नेस (खांद्यांवरून येणारे रेसिंगचे पट्टे), अग्निशामक, बाहेरून चालवता येईल असा, गाडीची वीज तोडणारा किल स्विच. नवख्याने थेट रेसचा विचार करू नये. दोन-चार ट्रॅक डे करावेत, त्याआधी जमलं तर कार्टिंग करावं. कोल्हापुरात मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथे ओव्हरटेक आणि बचाव या गोष्टी कमी वेगात आणि कमी पैशात शिकता येतात.

इन्शुरन्सचं आधी डोक्यात घ्या. आपल्याकडच्या खाजगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत 'गाडीचा वापर कशासाठी' या कलमात आयोजित रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग या गोष्टी वगळलेल्या असतात. 'ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे' असा युक्तिवाद क्लेमच्या वेळी टिकेल या भरवशावर राहू नका. गाडीचं काही झालं तर खर्च आपल्या खिशातून, हे घरी सांगून निघा. आणि ट्रॅकची हौस रस्त्यावर भागवायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे: सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहाटे सहाला एक्स्प्रेसवे रिकामा असला तरी तो सार्वजनिकच.

गाडी: पॉवर नंतर, आधी ब्रेक

नवखे लोक ट्रॅक डेच्या आधी एअर फिल्टर आणि एक्झॉस्टवर पैसे घालतात. तेच पैसे ब्रेक फ्लुइड आणि पॅडवर घाला.

कारण साधं आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेकने जिरवायची ऊर्जा चौपट होते. १२० च्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, आणि ट्रॅकवर असं जोराचं ब्रेकिंग दर लॅपला अनेकदा येतं. मधल्या वेळात डिस्क थंड होत नाही. उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून फ्लुइडमध्ये जाते. डॉट ३ फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. पण हे झाले सीलबंद, ताज्या डब्याचे आकडे. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, आणि पुरेसा शोषला की हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० पर्यंत उतरतात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या गाडीत दोन पावसाळे काढलेलं फ्लुइड ट्रॅकवर न्यायचंच नाही. ते उकळलं की पाइपात बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल थेट तळाला जातं. तेही नेमकं सरळ रस्त्याच्या शेवटी.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी पूर्ण फ्लुइड बदलून चारही चाकांचं ब्लीडिंग करून, म्हणजे पाइपातली हवा काढून घ्या. डॉट ५.१ घेताना डब्यावर नीट बघा. नुसतं 'डॉट ५' असेल तर ते सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर नवे टाका आणि जुने सोबत न्या, परतीच्या प्रवासाला उपयोगी पडतील. चालवताना पेडल मऊ लागलं, नेहमीपेक्षा खोल गेलं, तर 'एक लॅप अजून' नाही. वेग कमी करून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यात या. अगदी ऐन ब्रेकिंगला पेडल खाली गेलंच तर भराभर पंप करा, गिअर एकेक करून उतरवा आणि समोर वळणाबाहेर मोकळी जागा असेल तर वळण घेण्याच्या हट्टाने गाडी फिरवू नका, सरळ जाऊ द्या.

बाकीची यादी लवकर उरकते. टायरला कट, फुगवटा नको. हवा थंड टायरला मॅन्युअलप्रमाणे भरा आणि सेशननंतर गरम असताना पुन्हा मोजा. चार-सहा पीएसआय वाढणं नेहमीचं. चाकांचे नट टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला घट्ट करा. पायाने पाना दाबून नव्हे. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत हवं, कारण लांब वळणात ऑइल एका बाजूला ढकललं जातं. बॅटरी जागच्या जागी आवळलेली हवी. टोइंग हुक पुढे बसवून ठेवा. तो टूलकिटमध्ये राहिला तर बंद पडलेली तुमची गाडी काढायला मार्शलना, म्हणजे झेंडे दाखवणाऱ्या आणि मदत करणाऱ्या माणसांना, ट्रॅकवर जास्त वेळ उभं राहावं लागतं. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा, चालू ठेवा. ते बंद करून चालवायची लायकी कधी येते हे तुम्हाला शिकवणारा इन्स्ट्रक्टर सांगेल.

मग गाडी रिकामी करा. अगदी रिकामी. फ्लोअर मॅट, पाण्याची बाटली, चार्जर, सीटखालचे टोलचे कागद, डिकीतली स्टेपनी आणि जॅक, सगळं बाहेर. सुटी बाटली घरंगळत ब्रेक पेडलखाली जाते, ही काल्पनिक भीती नव्हे. डॅशबोर्डवरचे गणपतीबाप्पा दुहेरी टेपने चिकटवलेले असले तरी त्यांनाही पॅडॉकमध्येच (पिटमागे गाड्या उभ्या करायच्या जागेत) बसवून या. गाडी तपासणारे स्क्रुटिनीवाले काढायला लावतातच, तेव्हा वाद नको. कॅमेरा लावायचा तर पक्क्या माउंटवर, वरून दोरीने बांधून. मोबाइल होल्डरवर अजिबात नको.

अंगावर काय घालायचं

बाईकचं हेल्मेट कार रेसिंगला चालत नाही. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल या संस्थेच्या प्रमाणपत्रात 'एम' म्हणजे मोटरसायकल आणि 'एसए' म्हणजे कार रेसिंग. एसए हेल्मेटचं अस्तर आगीला तोंड देईल असं असतं आणि रोल केजच्या पाइपावर डोकं आपटण्याची वेगळी चाचणी त्याने पार केलेली असते. हे मानक साधारण पाच वर्षांनी नवं येतं: एसए २०१५, एसए २०२०, एसए २०२५. आतल्या कापडाखालचा स्टिकर बघून घ्या, आणि तुमच्या आयोजकाला किंवा रेसला कुठलं चालतं ते आधी विचारा. ट्रॅक डेला काही आयोजक बाईकचं फुल फेस हेल्मेट चालवून घेतात. नियमात बसतं म्हणून ते पुरेसं आहे असं मात्र समजू नका. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद. बाहेरून ओरखडा नसला तरी आतला फोम दबलेला असतो.

हार्नेसबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे लोक हौसेने चुकीचा अर्धा भाग विकत घेतात. साध्या गाडीत, कंपनीच्या सीटवर, चार पट्ट्यांचा लाल हार्नेस दिसायला झकास. पण तो खांदे आणि छाती सीटला जखडून ठेवतो आणि डोकं मोकळं राहतं. टक्कर झाली की हेल्मेटसकट डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर, कवटीच्या तळावर येतो. १८ फेब्रुवारी २००१ ला अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत नॅसकार ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेले ते कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने. त्याच वर्षी नॅसकारने डोकं-मान सांभाळणारं साधन सक्तीचं केलं आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये हान्स नावाचं असंच साधन आलं. रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी ते १९८० च्या दशकातच तयार केलं होतं. लोकांना पटायला वीस वर्षं लागली.

दुसरी अडचण अशी की मांड्यांमधून जाणारी पट्टी नसली तर पोटावरचा पट्टा वर सरकतो आणि माणूस खालून घसरतो. तिसरी म्हणजे गाडी उलटली आणि रोल केज नसला तर छत खाली येतं, आणि हार्नेसमध्ये बांधलेल्या माणसाला बाजूला झुकताही येत नाही. तेव्हा एक तर रोल केज, रेसिंग सीट, सहा पट्ट्यांचा हार्नेस आणि हान्स हा सगळा संच, नाहीतर गाडीसोबत आलेला तीन पॉइंटचा बेल्ट आणि एअरबॅग. मधलं काही नको. हार्नेसच्या पट्टीवर शिवलेल्या लेबलवर वैधतेचं वर्ष असतं. ओएलएक्सवर 'एकदाच वापरलेला' मिळाला तर आधी ते बघा.

ट्रॅक डेला पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जीन्स, पातळ सोलचे पायाला घट्ट बसणारे बूट. पॉलिएस्टरचे टी-शर्ट नकोत, आगीत ते वितळून कातडीला चिकटतात. रेसला एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या ८८५६ मानकाचा सूट, बालाक्लाव्हा (हेल्मेटखालचं डोकं-चेहरा झाकणारं कापड), हातमोजे, बूट, आणि आतले कपडेही आगरोधक. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमध्ये फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर रोमँ ग्रोझाँ पेटलेल्या गाडीतून जवळजवळ अर्ध्या मिनिटाने बाहेर आला आणि मुख्य इजा हाताला भाजण्याची होती. सूट आग विझवत नाही, तो बाहेर पडायला वेळ देतो. तो वेळ वापरता आला पाहिजे, म्हणून पॅडॉकमध्ये गाडी उभी असताना डोळे मिटून बेल्ट सोडणं, दार उघडणं आणि बाहेर येणं याची तालीम करा. हँडल नेमकं कुठे आहे हे हाताला माहीत हवं.

ब्रीफिंगला पुढे बसा

सकाळची ब्रीफिंग चुकली तर शहाणे आयोजक ट्रॅकवर सोडत नाहीत. पिटमधून बाहेर पडण्याची रेषा कुठे संपते, पिट लेनचा वेग किती, ओव्हरटेक कुठल्या सरळ भागात चालतं, लाल झेंडा दिसल्यावर पिटमध्ये यायचं की जागेवर थांबायचं, हे दर ठिकाणी वेगळं असू शकतं. नंतर ट्रॅकवर चालत एक फेरी मारता आली तर मारा आणि प्रत्येक मार्शल पोस्ट कुठे आहे ते लक्षात ठेवा. यूट्यूबवर गाडीतून काढलेले ऑनबोर्ड व्हिडिओ बघून वळणं पाठ होतात, पोस्ट होत नाहीत. झेंडा मात्र पोस्टवरच हलतो.

झेंडे

पिवळा सगळ्यात आधी. एक पिवळा झेंडा हलतोय म्हणजे ट्रॅकच्या बाजूला किंवा थोडा ट्रॅकवर धोका आहे: वेग कमी करा, ओव्हरटेक बंद. दोन पिवळे हलतायत म्हणजे ट्रॅक अडलाय किंवा मार्शल माणसं ट्रॅकवर किंवा अगदी कडेला काम करतायत: वेग चांगलाच उतरवा, थांबायची तयारी ठेवा. ही बंदी झेंड्याच्या पोस्टपासून सुरू होते आणि पुढे हिरवा दिसेपर्यंत चालते. अपघाताची जागा मागे पडली म्हणून ती उठत नाही.

'पिवळ्यात मी थोडा पाय उचलला होता' हे वाक्य पॅडॉकमध्ये वारंवार ऐकू येतं. ५ ऑक्टोबर २०१४ ला जपानमध्ये सुझुकाच्या फॉर्म्युला वन शर्यतीत पाऊस होता, दोन पिवळे हलत होते, आणि एक गाडी उचलायला ट्रॅक्टर क्रेन वळणाबाहेर उतरली होती. ड्रायव्हर ज्यूल बियांकीची गाडी त्याच ठिकाणी घसरली आणि त्या क्रेनखाली गेली. नऊ महिन्यांनी, जुलै २०१५ मध्ये, तो गेला. त्यानंतर फॉर्म्युला वनने व्हर्च्युअल सेफ्टी कार आणली, म्हणजे वेग किती कमी करायचा हे ड्रायव्हरच्या मर्जीवर ठेवणंच बंद केलं. आपल्या ट्रॅक डेला असं काही यंत्र नसतं. तुमचा पाय हेच यंत्र. तिथे वाकून गाडीला दोर लावणाऱ्या मार्शलच्या अंगावर लोखंडी गाडी नसते, फक्त नारिंगी जॅकेट असतं. तेव्हा 'थोडा' नको. मागच्याला स्पष्ट दिसेल इतका वेग कमी करा.

लाल म्हणजे सेशन थांबलं. करकचून ब्रेक मारू नका, मागचा आत घुसेल. आरशात बघा, हात वर करा, वेग उतरवा, ओव्हरटेक न करता ब्रीफिंगमध्ये सांगितलं तसं पिटला या. निळा म्हणजे मागून जास्त वेगाची गाडी आलीय, पुढच्या सोयीच्या जागी वाट द्या. घाबरून वळणाच्या मध्यात बाजूला होऊ नका, ते निळा न पाळण्यापेक्षा वाईट. लाल-पिवळ्या उभ्या पट्ट्या म्हणजे पुढे ऑइल, पाणी किंवा माती. पांढरा म्हणजे पुढे फार हळू जाणारी गाडी आहे, बहुधा टो ट्रक किंवा अँब्युलन्स.

काळा झेंडा तुमच्या नंबरासोबत आला तर पिटला या आणि तिथे काय ते ऐका. काळ्यावर नारिंगी गोल असेल तर दोष गाडीत आहे: काहीतरी लोंबतंय किंवा गळतंय. हा झेंडा ड्रायव्हरला अनेकदा खोटा वाटतो, कारण आत बसून सगळं ठीक वाटतं. मार्शलला तुमचं ऑइल दिसतं, तुम्हाला नाही. काळा-पांढरा तिरपा म्हणजे तंबी. काळ्या-पांढऱ्या चौकडीचा झेंडा म्हणजे सेशन संपलं, आणि तिच्यानंतरचा लॅप गाडी थंड करण्यासाठी असतो.

झेंडा दिसल्यावर मार्शलकडे हात किंवा मान हलवून पोच द्या. उपचार म्हणून नव्हे. पोच नाही मिळाली तर तुम्ही बघत नाही असं समजून ते पुढच्या पोस्टला कळवतात.

ट्रॅकवर येणं, वाट देणं, पुढे जाणं

पहिले दोन लॅप टायर, ब्रेक आणि डोकं गरम करायला. पिटमधून बाहेर पडताना पांढरी रेषा संपेपर्यंत ती ओलांडू नका, सरळ भागातून शंभराहून जास्त वेगाने कोणी तरी येत असतं. आरसा सरळ भागात बघायचा. वळणात बघण्यात अर्थ नाही, तिथे तुम्हाला करायला काही उरलेलं नसतं.

घाटात पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर तो 'जा' म्हणतोय की स्वतः वळतोय, हे आपण अंदाजाने ठरवतो आणि बहुतेकदा निभावतं. ट्रॅक डेला ही सवय घरी ठेवा. खूण हाताने आणि निःसंदिग्ध. आपल्या गाड्यांत ड्रायव्हर उजवीकडे असतो, त्यामुळे उजवा हात खिडकीबाहेर काढून उजवीकडे बोट दाखवलं म्हणजे 'माझ्या उजवीकडून जा'. हात छतावरून डावीकडे वळवून दाखवला म्हणजे 'डावीकडून जा'. एका खुणेला एकच गाडी. मागे तीन गाड्या असतील तर तीनदा हात. यासाठी खिडकीची काच खाली हवी, आणि ती तशीही खालीच ठेवायला सांगतात.

हात दाखवून झाल्यावर आपली रेसिंग लाइन (वळणं वेगात घेण्याची ठरलेली वाट) सोडू नका, फक्त अॅक्सिलरेटर थोडा सोडा. मोठी इंजिनं या बाबतीत फार त्रास देतात: वळणात अडवून धरतात आणि सरळ भागात पूर्ण पाय देऊन खूणही करतात. मागची हॅचबॅक मग बिचारी मधोमध अडकते. वाट द्यायची तर मनापासून द्या. मागचा असाल तर खूण मिळेपर्यंत बंपरला चिकटू नका, डिपर मारू नका. पुढच्याने बघितलंच नाही असं दोन-तीन लॅप वाटलं तर पिट लेनमधून एक हळू फेरी मारून पुन्हा बाहेर या, समोर मोकळा ट्रॅक मिळतो. सेशननंतर त्या माणसाला शांतपणे सांगा, नाही ऐकलं तर आयोजकाला.

रेसमध्ये परवानगीचा प्रश्न नसतो, पण मनमानीही नसते. एफआयएच्या आचारसंहितेत बचावासाठी दिशा एकदाच बदलता येते. एकदा आतल्या बाजूला गेलात आणि वळणाआधी परत रेसिंग लाइनवर येताय, तर ट्रॅकच्या कडेला किमान एका गाडीची जागा सोडायची. ब्रेकिंग सुरू झाल्यावर मागच्याच्या समोर सरकणं तर सगळ्यात वाईट, कारण त्याला आता वळताही येत नाही. पांढऱ्या रेषा म्हणजे ट्रॅकची हद्द, कडेचे रंगीत उंचवटे, म्हणजे कर्ब, त्यात येत नाहीत. चारही चाकं रेषेबाहेर गेली तर तुम्ही ट्रॅक सोडलात.

ओव्हरटेकचा हल्ला करणाऱ्यासाठी माझी कसोटी: ब्रेकिंगच्या वेळी तुमचं पुढचं चाक त्याच्या दारापर्यंत पोचलंय का, म्हणजे तो तुम्हाला बघू शकतो का? नसेल तर तो वळणारच, आणि आदळलात तर दोष तुमच्याकडे येईल. नियमांत दर वर्गाचं बारीकसारीक वेगळं असतं, पण ही कसोटी कुठेही वापरली तरी नुकसान होत नाही.

सुरुवातीच्या ग्रीडवर, म्हणजे रेस सुटण्याच्या रांगांत, गाडी बंद पडली तर ताबडतोब हात वर करा किंवा खिडकीबाहेर काढा आणि सीटमध्येच बसून राहा. पहिल्या वळणावर सगळ्यांचे टायर थंड असतात आणि सगळ्यांची डोकी तापलेली. तिथे गमावलेली जागा पुढच्या लॅपमध्ये परत मिळवता येते.

८ जानेवारी २०२३ ला मद्रासच्या ट्रॅकवर सलून कारच्या शर्यतीत के. ई. कुमार यांच्या गाडीची दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली, ती ट्रॅकबाहेर जाऊन कुंपण तोडून उलटली आणि त्यांचा मृत्यू झाला. ते ५९ वर्षांचे होते आणि वर्षानुवर्षं शर्यती खेळलेले. ट्रॅक तोच होता, नियम तेच होते, आणि अनुभवही भरपूर होता. 'हलकासा टच' नावाची गोष्ट त्या वेगात नसते.

गाडी हातातून गेली तर

वळणातून बाहेर पडताना बाहेरची दोन चाकं मातीत गेली, हा नवख्यांचा नेहमीचा प्रसंग. गाडी परत डांबरावर आणायला स्टिअरिंग झटकन आत वळवावंसं वाटतं. तसं केलं की मातीतल्या चाकांना पकड नसते, पुढचं चाक डांबरावर चढताच एकदम पकड येते, आणि वळलेल्या चाकांसकट गाडी ट्रॅकच्या आरपार समोरच्या भिंतीकडे सुटते. म्हणून स्टिअरिंग सरळ करा, पाय हळूच उचला, गरज पडली तर उरलेली दोन चाकंही मातीत जाऊ द्या. वेग उतरला की सावकाश या. मातीतून सरळ जाणारी गाडी बंपर आणि अभिमान खराब करते, बहुधा त्याहून जास्त नाही.

गाडी फिरायलाच लागली आणि सावरत नाही हे कळलं, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा, आणि दाबून ठेवा. ब्रेक दाबलेली गाडी एका दिशेने घसरत जाते, मागच्यांना कुठून जायचं ते कळतं. मध्येच पाय सोडला की चाकांना पकड येते आणि गाडी भलतीकडे उडी घेते. क्लच दाबल्यामुळे इंजिन चालू राहतं.

थांबल्यावर आधी श्वास, मग आजूबाजूचा मार्शल शोधा. तो खूण करेपर्यंत परत ट्रॅकवर येऊ नका, आणि येताना लाइनवर नको, कडेने, वेग जमवत या. टायरला चिकटलेली खडी पहिल्या दोन वळणांत झडते. तोवर पकड नसतेच.

गाडी बंद पडली किंवा आदळली, तर आग किंवा धूर नसेल तोवर बेल्ट बांधून आतच बसा, हेल्मेट डोक्यावरच. बाहेर उतरलेला ड्रायव्हर धोक्यात असतो. उतरायचीच वेळ आली तर गाडी न्यूट्रलमध्ये, रेसिंग गाडीचं काढलेलं स्टिअरिंग परत जागेवर, म्हणजे मार्शलना ती ढकलता येते. मग थेट बॅरियरच्या मागे. फोटो काढायला, बंपर किती गेला ते बघायला थांबायचं नाही. ट्रॅक ओलांडून पलीकडे तर कधीच नाही. १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीला अग्निशामक घेऊन ट्रॅक ओलांडणाऱ्या मार्शलला फॉर्म्युला वन ड्रायव्हर टॉम प्राइसची गाडी लागली, आणि दोघेही जागीच गेले. मदतीसाठी धावणारा माणूससुद्धा तिथे वाचत नाही.

गाडी उलटली असेल तर बेल्ट सोडण्याआधी एक हात छताला टेकवून शरीराचं वजन पेला, नाहीतर मानेवर पडाल. आग असेल तर किल स्विच किंवा इग्निशन बंद करून बाहेर. शक्य असेल तर मार्शल पोस्टजवळ थांबा, आणि धूर येतोय म्हणून बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो.

ऊन, पाणी आणि परतीचा रस्ता

चेन्नईच्या दमट उन्हात, एसी बंद, हेल्मेट आणि सूट घालून वीस मिनिटं चालवली की शर्ट पिळून काढता येतो. थकव्याची पहिली खूण स्नायूत नाही, ब्रेकिंग पॉइंटमध्ये दिसते: तेच वळण, पण ब्रेक दर वेळी थोडा उशिरा. सेशनच्या आधी आणि नंतर पाणी, मधून ओआरएस, दुपारी हलकं जेवण. आदल्या रात्रीची पार्टी परतीला करा. दुपारच्या शेवटच्या सेशनला मन लागत नसेल तर बसू नका, पैसे भरलेले असले तरी.

प्रत्येक सेशनच्या शेवटी एक पूर्ण लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता, वरच्या गिअरमध्ये. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक लावू नका, तापलेला पॅड डिस्कला चिकटतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड किंवा ठोकळा लावा. बॉनेट उघडा, चाकं थंड झाल्यावर नट परत तपासा.

कोणाशी वाजलं असेल तर हेल्मेट काढून, पाणी पिऊन मगच बोलायला जा. रेस असेल तर बोलायची जागा स्टुअर्डची, म्हणजे निवाडा करणाऱ्याची खोली, समोरच्याचा तंबू नव्हे. व्हिडिओ असेल तर तो दाखवा, आवाज चढवू नका.

संध्याकाळी लगेच हायवेला लागायचा बेत असतो. पॅड किती उरलेत ते बघा, तीन मिलिमीटरच्या आसपास आले असतील तर सोबत आणलेले जुने बसवून घ्या. पेडल अजून मऊ असेल तर जवळच्या गॅरेजमध्ये ब्लीडिंग करून घेतल्याशिवाय निघू नका. टायरच्या आतल्या कडा हाताने चाचपून बघा, बाहेरून ठीक दिसणारा टायर आतून तारेपर्यंत गेलेला असतो. हवा थंड टायरला परत मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. स्टेपनी, जॅक, मॅट आणि बाप्पा आठवणीने गाडीत परत ठेवा. कानात इंजिनचा आवाज अजून घुमत असेल तर त्या रात्री तिथेच मुक्काम करून सकाळी निघा.